कारण : लग्न

अर्जात एक रकाना होता : तात्पुरत्या सेवेचे कारण.
मी लिहिलं, लग्न.
ब्युरोतल्या बाईंनी विचारलं, घरचं का?
म्हटलं, जवळचं आहे.
ऐरोली तशी जवळच.

पाटणकरचा फ्लॅट तिथे रिकामा पडलाय,
भाडेकरू गेलाय, नवा यायचाय,
गादी आहे, पंखा आहे.
किल्ली त्यानं काही न विचारता हातावर ठेवली.
कोपरखैरण्याहून रिक्षानं वीस मिनिटं.
एवढ्या दूरच्या लग्नाला
मी दहा दिवस जाणार होतो.

दिवसाचा दर, रात्रीचा दर, चोवीस तासांचा दर.
पेशंट उठतात का? उठतात.
मारतात का? नाही हो.
मग रात्री काय करतात?
ड्यूटी करतात, मी म्हणालो.

कुमुदआत्या एकतीस वर्षं ट्रंक बोर्डावर होती.
आंघोळीला सकाळची बाई येते, रात्र माझी.
दोन वाजता आत्या उठून बसते, पदर खोचते,
पलंगाच्या कठड्यावर बोटं फिरवत
नसलेल्या दोऱ्या उपसते, खुपसते :
बोला सातारा. सातारा, बोला.
मग मला सातारा व्हावं लागतं.
कधी नाशिक. एकदा इंदूर, पण इंदूरला काय बोलायचं मला सुचेना
आणि ती रडकुंडीला आली,
पार्टी ताटकळलीय म्हणाली.
चार वर्षं झाली.
आता मी अर्धवट झोपेतही कुठलंही गाव होतो.

आदल्या रात्री सूचना लिहायला बसलो.
थायरॉइडची गोळी उपाशीपोटी.
चहा बशीत द्यावा, कप ती कानाला लावते.
मोरीतला दिवा चालू ठेवणे.
आरशावर टॉवेल.
केळं सोलून, आणि साल तिला दिसता कामा नये
(का ते मलाही ठाऊक नाही).
फुलस्केपची अकरा पानं झाली.
नवव्या पानावर लिहिलं होतं,
पहाटे उजवा गुडघा धरतो, तेल लावावे.
तो गुडघा माझा होता.
खोडलं नाही. पान परत लिहायचा कंटाळा.

पंचफुला वाव्हळ तुर्भे स्टोअरहून आली,
तीन जिने चढून, धाप न लागता.
पानं तिनं घडी करून टीव्हीखाली सरकवली
आणि विचारलं, ह्यांला काय म्हणून हाक मारू?
अर्जात हा रकाना नव्हता.
आन् तुम्हाला काय म्हणत्यात ह्या?
रात्री गावांच्या नावानं, मी म्हणालो.
दिवसा
दिवसा काही नाही.

ऐरोलीत पहिल्या रात्री दोनला डोळे उघडले.
पंखा फिरत होता. खाडीचा वास येत होता.
कुणाला सातारा नको होता.
बराच वेळ तसाच पडून राहिलो, मग फोन केला.
तिनं हळू आवाजात उचलला :
झोपा की दादा. बोलणं चालूय आमचं.
कोण बोलतंय?
परभणी.
मागून आत्याचा आवाज, खणखणीत, पगारी :
तीन मिनिटं झाली, पुढे चालू ठेवायचं?
ठेवा की मावशी, पंचफुला म्हणाली,
अजून मायशी बोलायचंय.
फोन मीच ठेवला.

मग झोपलो. चौथ्या दिवशी तर थेट जेवणवेळेपर्यंत.
खोटं कशाला बोलू, शरम वाटली ती जाग आल्यावर,
आणि फार वेळ नाही.

परतताना पाव किलो पेढे घेतले,
लग्नाहून रिकाम्या हातानं कसं जायचं.
आत्यानं माझ्याकडे पाहिलं, नंबर विचारला नाही.
पंचफुला म्हणाली, झालं का नीट लग्न?
झालं.
जेवण?
आठवत नाही, म्हटलं. ती हसली. चप्पल घातली.

टीव्हीखालची पानं रात्री काढली.
अकराव्याच्या खाली, पेन्सिलीनं, मोठ्या अक्षरात :
परभणी लागली नाही तर
हिंगोली बी चालते.